फॅक्स कोणी लिहिला

तंजावूर,
११ जुलै १९९९

ती. वसुमतीअक्का यांस रघूचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, मामींचा डावा गुडघा सोडून. परवा तुमचा फोन आला तेव्हा त्या तुम्हाला "मला काय धाड भरली आहे" म्हणाल्या, पण फोन ठेवल्यावर आमच्या दारातल्या तिण्णैच्या ओट्यावरून उठायला त्यांना दोघांचा हात लागला. सत्यण्णा नेहमीप्रमाणे बाहेर रिक्षाजवळ उभे होते. तुमचं बोलणं संपेपर्यंत ते आत येत नाहीत, हे तुम्हाला सांगावं की नाही, मला कळत नाही.

कालव्याला पाणी आलं आहे. टीव्हीवर दिवसभर युद्धाच्या बातम्या चालतात आणि जयलक्ष्मी तो बंद करू देत नाही. ऑफिसात कामाचा नुसता ढीग आहे. पूर्वी फोनसाठी लोक आठ-आठ वर्षं आमच्या खात्याच्या पायऱ्या झिजवत. आता आम्हीच अर्ज घेऊन त्यांच्या दारात जातो, आणि ते म्हणतात, विचार करून सांगतो. राजवाड्याच्या पश्चिम गल्लीत एकट्या या महिन्यात चौदा नव्या जोडण्या दिल्या. मिरजेत कसं आहे? तुमच्या शाळेत या वर्षी किती मुलं आली? नव्या डॉक्टरांनी हात पाहिला का?

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली आनंदाची. सत्यण्णांच्या रंजनाचं लग्न ठरलं. मुलगा आपल्यातलाच, ओरत्तनाडूच्या सदाशिवरावांचा धाकटा. बेंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत आहे. मुहूर्त २९ ऑगस्ट, रविवार. लग्न तिरुवैयारूला, नदीकाठच्या जुन्या धर्मशाळेत, चत्रमात. पत्रिका सत्यण्णा पाठवतीलच. त्यांच्या मागच्या दोन्ही पत्रांसारखी तीही न फोडता परत पाठवू नका, एवढंच म्हणतो. सख्खी आत्या लग्नाला नाही, हे रंजना सासरी कोणाकोणाला समजावून सांगेल?

दुसरी गोष्ट. मद्रासची एक कंपनी आपली ती सीडी पुन्हा काढते आहे. सोबत छापायला त्यांना क्वार्टेटच्या कारकिर्दीवर एक पान हवं आहे. पत्रव्यवहार पहिल्यापासून माझ्याकडे असल्यामुळे त्यांनी मला विचारलं. मी असं लिहिलं आहे:

"पंचनद क्वार्टेटची स्थापना तंजावूर येथे १९८९ साली झाली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांच्या या संचाने मुख्यतः हयात संगीतकारांच्या नव्या रचना वाजवल्या. संस्थापिका व पहिलं व्हायोलिन वसुमती, दुसरं व्हायोलिन त्यांचे बंधू सत्यनारायण, व्हायोला बाळकृष्णराव, चेलो वसुमतींचे आतेभाऊ रघुराम. १९९६ साली प्रकृतीच्या कारणास्तव वसुमती संचातून निवृत्त झाल्या. त्यानंतर संचाने जर्मनी, हॉलंड आणि सिंगापूर येथे कार्यक्रम केले. १९९८ साली संच विसर्जित झाला."

१९९६ चं वाक्य ठीक आहे का, ते कळवा. त्या वर्षाबद्दल याहून जास्त लिहिण्यात काही अर्थ नाही, असं मला वाटतं.

मामी तुमची आठवण काढतात. लग्नाचं मनावर घ्या.

तुमचा,
रघू


तंजावूर,
२९ जुलै १९९९

ती. वसुमतीअक्का यांस,

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. पाच ओळी आहेत, मला पाठ झाल्या. "रघू, प्रकृतीच्या कारणास्तव असं लिहू नकोस. भावाने परस्पर कळवल्यामुळे, असं लिही. नाहीतर काहीच लिहू नकोस. लग्नाला येणार नाही, रंजनाला आशीर्वाद. आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं आहे."

तेल पोचलं. मामींनी लावायला सुरुवात केली आहे.

कार्ड मी ऑफिसात वाचलं आणि खिशात ठेवलं. बायको असली तरी जयलक्ष्मीला दाखवलं नाही. आज रजा टाकली आहे. ती देवळात गेली आहे, घरात कोणी नाही. कारकिर्दीचं ते पान मी पुन्हा लिहितो आहे. कंपनीसाठी नव्हे.

८९ साली तुम्ही मद्रास सोडून परत आलात तेव्हा मामांना वाटलं, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसून तुम्ही कंटाळलात, आता चार शिकवण्या धराल. तुम्ही एक लोखंडी पेटी भरून छापील नोटेशन आणलंत आणि माडीवर चार खुर्च्या मांडल्यात. सत्यण्णा आणि तुम्ही लहानपणापासून मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवणारे. त्यांना तुम्ही वयाच्या सदतिसाव्या वर्षी खुर्चीवर बसवलंत आणि वाद्य हनुवटीखाली धरायला लावलंत. महिनाभर त्यांची मान आखडलेली होती. बाळकृष्णराव ओरत्तनाडूच्या शाळेतून बसने व्हायोला मांडीवर घेऊन यायचे. मी त्रिचीच्या म्हाताऱ्या पाद्रींकडे चेलो शिकलेला, अर्धवट. मामा जिन्यात उभे राहून म्हणाले, "चौघेच आहांत, आणि नाव पंचनद? पांचवी नदी कोण?" तुम्ही म्हणालात, "कॉफी देणारी आई."

पहिला कार्यक्रम आठवतो ना? सतरा माणसं, त्यांतली अकरा नात्यातली. पहिली रचना संपल्यावर पुढच्या रांगेतल्या बाईंनी मला विचारलं, सूर लावून झाले असतील तर गाणं कधी सुरू करणार. मी घरी येईपर्यंत शरमेने बोललो नाही. तुम्ही मात्र बसमध्ये हसत होतात. म्हणालात, त्या बाई शेवटपर्यंत बसल्या होत्या, ते पाहिलंस का?

मग चार वर्षं आपण वाजवत राहिलो. ऐकणारे सतराचे साठ झाले, एवढंच. ९३ साली तो डच संगीतकार, विलेम, राजवाड्यातल्या जुन्या बँडची कागदपत्रं शोधत इथे आला आणि कोणीतरी त्याला आपल्या माडीवर आणून सोडलं. त्याने आपल्यासाठी बावीस मिनिटांची रचना लिहिली. पहिलं व्हायोलिन त्याने तुमच्यासाठी म्हणून लिहिलं होतं, तुमच्या हाताची मींड डोळ्यांसमोर ठेवून. त्यातूनच ९५ च्या शेवटी तिकडच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. जर्मनी आणि हॉलंड मिळून अकरा कार्यक्रम आणि एक सीडी, पुढच्या जूनमध्ये. तंजावूरच्या चार माणसांना.

आता डिसेंबर. ओरत्तनाडूला बाळकृष्णरावांच्या शाळेत सराव करून आपण दोघं बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये बसलो होतो. सत्यण्णा रंजनाच्या कॉलेजच्या कामासाठी आधीच निघून गेले होते. तुम्ही डावा हात टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "बघ, काही दिसतं का?" काही दिसत नव्हतं. मग तुम्ही उजवं मनगट व्हायोलिनच्या मानेसारखं धरलंत आणि त्यावर डाव्या हाताची बोटं चालवलीत. करंगळी आत वळली. तळहाताला जाऊन चिकटली. तुम्ही ती दुसऱ्या हाताने सोडवलीत.

"मी वळवत नाही. ती आपोआप वळते. वाजवतानाच."

मी विचारलं, आता कसं करायचं.

"तीन बोटांनी भागवीन. जूनपर्यंत वेळ आहे. सत्याला सांगूं नको. तो माझ्या शेजारी बसतो. त्याला कळलं तर तो माझा सूर सांभाळायला येईल आणि आपला सोडेल. कोणालाच सांगूं नको, रघू."

मी हो म्हटलं. तुमच्या चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत तुम्ही.

पाच महिने तुम्ही तीन बोटांनी वाजवलंत आणि कोणाला कळलं नाही. जिथे करंगळी लागायची तिथे तुम्ही सगळा हात वर सरकवून तिसरं बोट आणायचात. मला ठाऊक असूनही काही दिवस ते माझ्या लक्षात येत नसे. मग एप्रिलच्या शेवटी एका सरावात, विलेमच्या रचनेत, हात सरकला आणि चुकीच्या जागी पडला. एकच स्वर. तुम्ही लगेच सावरलंत. बाळकृष्णरावांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं, त्यांनी माफीही मागितली. मी मात्र तो स्वर ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून लवकर निघालो आणि नागलक्ष्मींच्या एस.टी.डी. बूथवर गेलो. आपले सगळे फॅक्स तिथेच यायचे-जायचे. मी महोत्सवाच्या लोकांना कळवलं की आमच्या प्रमुख वादिकेच्या डाव्या हाताला विकार झाला आहे, त्या स्वतः सांगणार नाहीत, पण मंचावर काही घडलं तर आपल्या दोघांचीही नाचक्की होईल, तेव्हा काय करावं ते सुचवा. खाली सही केली नाही. नुसतं "पंचनद क्वार्टेट" असं टाइप केलं.

अक्का, तो फॅक्स सत्यण्णांनी लिहिला नाही. मी लिहिला.

हे वाक्य लिहून मी उठलो आणि अंगणात जाऊन आलो. पुढचं यापेक्षा वाईट आहे.

उत्तर तीन दिवसांत आलं. आपण माडीवर सराव करत होतो. नागलक्ष्मी स्वतः जिना चढून आल्या, कारण परदेशचा कागद म्हणजे आनंदाची बातमी असणार असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो तुमच्या हातात दिला. तुम्ही मोठ्याने वाचायला सुरुवात केलीत. "आपल्या संचाने कळवल्याप्रमाणे वसुमती यांच्या हाताच्या विकाराबद्दल वाईट वाटलं." तिथून पुढे तुम्ही मनात वाचलंत. दुसऱ्या व्हायोलिनने पहिल्याची जागा घ्यावी, दुसऱ्यासाठी मद्रासहून कोणी घ्यावं, असं त्यांनी सुचवलं होतं.

तुम्ही कागद मांडीवर ठेवलात. "कोण लिहिलें हें?"

बाळकृष्णरावांनी गज खाली ठेवला. त्यांना काही समजलंच नव्हतं. सत्यण्णा म्हणाले, "अक्का, हाताला काय झालं?" खरोखर न कळणाऱ्या माणसासारखे म्हणाले. तुम्ही आमच्या तोंडांकडे पाहत होतात. आणि मी, अक्का, मी सत्यण्णांकडे पाहिलं. काही बोललो नाही. फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं. माझी नजर गेली तिकडे तुमची गेली.

संध्याकाळी तुम्ही मला जिन्यात गाठलंत. "रघू, खरं सांग. तू सत्याला सांगितलंस?"

तेव्हा एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी म्हणालो, "हो अक्का. एकदा तोंडातून निघून गेलं."

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "जाऊं दे. तुझ्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून. तुझा दोष नाही. त्याने त्याचं काय केलं, तो दोष त्याचा."

मी मान खाली घालून उभा राहिलो आणि तुमची क्षमा घेतली. न केलेला छोटा गुन्हा कबूल करून केलेला मोठा लपवला. रात्री मला झोपही चांगली लागली, हेही लिहून टाकतो.

का केलं, असं तुम्ही विचाराल. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की क्वार्टेटसाठी केलं. तसं नव्हतं. माझा पासपोर्ट आला होता. ऑफिसात आमच्या साहेबांनी मला हार घालून फोटो काढला होता, खात्याच्या मासिकात तो छापून येणार होता. जयलक्ष्मीने शेजारणींना विचारून लोकरीचं स्वेटर विणलं होतं. तुमचा तो एक स्वर चुकला तेव्हा मला तुमच्या हाताची काळजी वाटली नाही. मला वाटलं, आता माझं जाणं राहतं. मला विमानात बसायचं होतं, अक्का. एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर आज सांगताना इतकं लाजिरवाणं वाटलं नसतं.

सत्यण्णा जाणार नव्हते. करार मोडतो म्हणाले. तुम्हीच मामांकरवी निरोप पाठवलात की जा, तिघांचं नुकसान नको. त्यानंतर तुम्ही हात दाखवायला मिरजेला गेलात आणि तिथेच राहिलात.

कार्यक्रम चांगले झाले. टाळ्या मिळाल्या, फोटो आले. पण रॉटरडॅममध्ये एका दुपारी मी सत्यण्णांच्या खोलीत गेलो तर ते विलेमच्या रचनेची पानं पलंगभर पसरून बसले होते. पहिल्या व्हायोलिनची तुमचीच प्रत. वर पेन्सिलने बोटांचे आकडे लिहिलेले. ते म्हणाले, "रघू, यात करंगळीचा चार हा आकडा कुठेच नाही. जिथे होता तिथे खोडला आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत." मग त्यांनी पानं गोळा केली. "पांच महिने ती तीन बोटांनी वाजवत होती. मी हातभर अंतरावर बसत होतो. मला दिसलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "नाही."

अकराही कार्यक्रमांत त्यांनी ती रचना तुमच्या आकड्यांनी वाजवली. त्यांची करंगळी धड होती, तरी वापरली नाही. सीडीवर ऐकाल तर कळेल. तुम्ही ती सीडी ऐकली नसणार.

परत आल्यावर आपलं नाव झालं. टीव्हीवाले आले, सिंगापूरचं बोलावणं आलं, एका शीतपेयाच्या कंपनीला मंचामागे आपला फलक लावायचा होता. ज्यासाठी तुम्ही सात वर्षं घासलीत ते सगळं आलं, आणि तुमच्या जागी सत्यण्णा, त्यांच्या जागी कोणीतरी मद्रासची मुलगी वाजवत होती. ९७ मध्ये मामा गेले. तेराव्याला तुम्ही आलात. जेवायच्या पंगतीत सत्यण्णा पाट घेऊन तुमच्या शेजारी बसायला आले आणि तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात. ते तो पाट हातात धरून उभे राहिले, सगळ्यांसमोर. मी पाणी वाढत होतो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी भांडं भरायला विहिरीवर गेलो आणि पंगत उठेपर्यंत परत आलो नाही.

९८ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या कार्यक्रमानंतर सत्यण्णांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि म्हणाले, आता पुरे. आम्ही कोणी कारण विचारलं नाही.

ही आपली कारकीर्द. १९९६ चं वाक्य असं हवं: "चेलोवादकाने न विचारता आणि सही न करता कळवल्यामुळे वसुमती यांना संच सोडावा लागला, आणि तो दोष त्याने त्यांच्या भावावर जाऊ दिला." कंपनीला मी हेच पाठवतो आहे. छापतील की नाही, माहीत नाही.

मी क्षमा मागत नाही. जिन्यात तुम्ही जी केलीत ती मी खोटं बोलून घेतली होती. ती परत घ्या.

उद्या सकाळी सत्यण्णांकडे जाऊन त्यांनाही सांगणार आहे. हे पत्र आधी टाकतो, म्हणजे मग माघार घ्यायला जागा राहणार नाही.

लग्नाला या. माझ्यावरचा राग घेऊन या, पण या.

रघुराम


तंजावूर,
५ सप्टेंबर १९९९

ती. वसुमतीअक्का यांस नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचलात, हे मामींकडून कळलं. आता सत्यण्णांच्या शेजारच्या घरी फोन आला आहे, तिथे तुम्ही केलात, ते बरं झालं. मामींना रिक्षा करावी लागत नाही.

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. मी त्याची वाट पाहत नव्हतो, असं म्हणणार नाही. २६ तारखेला सकाळी सत्यण्णा स्टेशनवर तुम्हाला आणायला गेले, हे मला जयलक्ष्मीकडून कळलं. तिथे तुम्ही दोघं काय बोललात, ते कोणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन दिवस मी तिरुवैयारूला चत्रमात मांडव-पंदलाचं आणि भाजीचं पाहत राहिलो. तुमच्यासमोर येणं टाळत होतो. लग्नघरात ते सोपं असतं, काम कधी संपत नाही.

मुहूर्ताच्या वेळी मी मागच्या खांबाशी उभा होतो. रंजना तुमच्या पाया पडली तेव्हा तुम्ही तिला उठवलंत आणि तसाच तिचा हात धरून ठेवलात. सत्यण्णा तुमच्या शेजारी होते. मामी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसून रडत होत्या आणि लोकांना वाटत होतं, नात सासरी चालली म्हणून.

नंतर पंगतीत बाळकृष्णराव म्हणाले, "तीन वर्षांनी चौघे एका छपराखाली आलों. वाद्यं आणलीं असतीं तर?" त्या बिचाऱ्यांना अजून काही ठाऊक नाही. सत्यण्णा पानाकडे पाहत राहिले. मी सांबाराचं भांडं घेऊन तिथेच उभा होतो, मागे सरता येईना. तुम्ही म्हणालात, "वाद्यं नकोत. जेवा." मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "रघू, बाळकृष्णरावांना वाढ."

मी वाढलं. तीन दिवसांत तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच. त्याचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आता सोडून दिला आहे. त्यांचं पान रिकामं होतं, एवढाच अर्थ असेल.

तुम्ही निघालात त्या दिवशी सत्यण्णा मला म्हणाले, स्टेशनवर चल. मी नको म्हटलं.

सीडीच्या कंपनीने कळवलं आहे की वैयक्तिक मजकूर छापता येणार नाही, फक्त नावं आणि तारखा टाकतील. तारखांमध्ये तुमचं नाव १९९६ पर्यंत आहे. ते मी बदलू शकलो नाही.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. ३० जुलैला मी सत्यण्णांकडे गेलो तेव्हा काय झालं, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी सांगतो.

ते पुढच्या खोलीत पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावत बसले होते. मी दारातूनच म्हणालो, "तो फॅक्स मी लिहिला होता." त्यांनी हातातली पत्रिका पुरी केली, वाळायला ठेवली, दुसरी घेतली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, कधीपासून.

"रॉटरडॅमपासून. तुला ठाऊक होतं का म्हणून विचारलं, तर तू फार लवकर नाही म्हणालास. ज्याला खरंच ठाऊक नसतं, तो आधी विचारतो, काय ठाऊक म्हणून."

मी खाली बसलो. मग तीन वर्षं गप्प का राहिलात, एका शब्दात तुमचं सगळं सुटलं असतं, मामांच्या तेराव्याला तरी बोलायचं होतं, असं मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. जणू चूक त्यांचीच होती.

त्यांनी बोटं पुसली. "अक्का त्या वेळीं मिरजेला एकटी. हात गेलेला. माझ्याशी बोलणं बंद. बाबांवर रुसलेली, कारण ते माझी बाजू घेत. आईला लिहितां येत नाही. घरचं माणूस म्हणून तिला एकटा तूच लिहीत होतास. मी सांगितलं असतं तर ती तुझ्याशींही तोडली असती. मग तिला कोण लिहिणार होतं?"

मी समोरची एक पत्रिका उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"तुझीं पत्रं येतात म्हणून ती उत्तरं लिहिते, उत्तरं लिहिते म्हणून घराशीं आहे," ते म्हणाले. "मला तेवढं पुरे होतं. तू वाईट वाटून घेऊं नको. ये, हळद लाव, अजून दोनशें राहिल्या आहेत."

मी दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर बसून पत्रिकांना हळद लावली. ते मध्येच रंजनाच्या सासरच्यांबद्दल काही सांगत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. तुम्हाला मी दर महिन्याला पत्र लिहायचो तेव्हा मनात म्हणायचो, निदान एवढं तरी मी अक्कांसाठी करतो. ती पत्रंसुद्धा त्यांनी दिलेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

यापुढे घरची खबर सत्यण्णा लिहितील. त्यांना तुमचा पत्ता घातलेली वीस अंतर्देशीय पत्रं देऊन आलो आहे. त्यांना देवनागरीची सवय राहिलेली नाही. एक ओळ लिहायला त्यांना दहा मिनिटं लागतात, आणि काना-मात्रा चुकतात. चूक काढू नका. त्यांना तुम्हाला पुष्कळ लिहायचं आहे.

मी आता आपणहून लिहिणार नाही. तुम्ही काही विचारलंत तर उत्तर देईन, आणि ते खरं असेल.

मामींचा गुडघा बराच बरा आहे. तेल संपत आलं आहे.

तुमचा कोण म्हणून सही करावी, ते तुम्ही ठरवेपर्यंत नुसताच,

रघुराम